दोन अर्जुन पुरस्कारांमधील ३४ वर्षे : शांती मल्लिक आणि भारतीय महिला फुटबॉलची वाटचाल

कोलकाता : हुगळी नदीच्या पूर्व काठावरील फोर्ट विल्यम या किल्ल्याचे नाव मराठी वाचकांच्या कानावर फेब्रुवारी २०२५ मध्ये एका वेगळ्या निमित्ताने पडले. भारतीय लष्कराच्या पूर्व कमांडचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्याला ‘विजय दुर्ग’ हे नाव देण्यात आल्याचे तेव्हा समोर आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून हे नाव घेण्यात आले असून, किल्ल्याच्या पूर्वीच्या सेंट जॉर्ज दरवाजाला ‘शिवाजी गेट’ म्हटले जाऊ लागले आहे. मात्र कोलकात्याच्या सर्वसामान्य रहिवाशाचे या किल्ल्याशी असलेले नाते तटबंदीपेक्षा तिच्या बाहेरच्या मोकळ्या जागेशी अधिक आहे. ही जागा म्हणजे कोलकात्याचे ‘मैदान’, भारतीय फुटबॉलचे जुने माहेरघर.

याच शहराच्या फुटबॉल परंपरेतून शांती मल्लिक ही आघाडीची खेळाडू पुढे आली. १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला फुटबॉलपटू ठरल्या. त्यानंतर हा सन्मान दुसऱ्या महिला फुटबॉलपटूला मिळण्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले. मणिपूरच्या ओइनाम बेंबेम देवी यांना तो मिळाला, तेव्हा मधल्या काळात ३४ वर्षे उलटून गेली होती. पुरुष फुटबॉलपटूला पहिला अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये, पी. के. बॅनर्जी यांच्या रूपाने मिळाला होता आणि त्यानंतर अनेकांना तो मिळत राहिला. महिलांच्या बाबतीत इतका दीर्घ खंड का पडला, याचे उत्तर शोधताना एका आघाडीपटूची कारकीर्द नेमकी कशावर उभी राहते, हेही उलगडत जाते.

गडाचे मैदान

१७५६ मध्ये सिराजउद्दौला याने कोलकात्यावर चाल करून जुना फोर्ट विल्यम जिंकला. पुढच्या वर्षी प्लासीच्या लढाईनंतर रॉबर्ट क्लाइव्ह याने नव्या किल्ल्याचा आराखडा हाती घेतला. गोविंदपूर गावाच्या जागेवर १७५८ मध्ये सुरू झालेले बांधकाम १७८१ च्या सुमारास पूर्ण झाले. या अष्टकोनी किल्ल्याच्या तोफांना मारा करण्यासाठी समोर आडोसा नसावा म्हणून भोवतालचे जंगल तोडण्यात आले. अशा रीतीने लष्करी गरजेतून तयार झालेल्या या पटांगणाला बंगाली माणूस आजही ‘गडेर माठ’, म्हणजे गडाचे मैदान, असे म्हणतो.

मैदानाचा ताबा लष्कराकडे असल्याने तेथे पक्क्या बांधकामांवर निर्बंध राहिले. त्यामुळे मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या नामांकित क्लबांच्या कचेऱ्यांना अजूनही ‘तंबू’च म्हटले जाते. १८९८ मध्ये कलकत्ता फुटबॉल लीग सुरू झाली. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शिल्ड जिंकली, तीही याच परिसरात. कोल्हापुरात पाटाकडील किंवा दिलबहार तालीम मंडळाचा सामना असला की शाहू स्टेडियमकडे जशी पेठच्या पेठ लोटते, तशीच निष्ठा कोलकात्यातील मोहल्ले आपापल्या क्लबवर पिढ्यान्‌पिढ्या जडवत आले.

या निष्ठेत स्त्रिया घरातून, नंतर प्रेक्षागारातूनही सहभागी होत्या. मात्र खेळाडू म्हणून त्यांच्यासाठी या मोठ्या क्लबांच्या रचनेत जागा नव्हती. पुरुषांच्या लीगनंतर महिलांसाठी स्वतंत्र लीग सुरू व्हायला जवळपास शतक लागले. म्हणजेच शांती मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहराचे फुटबॉलप्रेम वारशाने मिळाले, पण त्या प्रेमामागे उभी असलेली क्लब, लीग आणि पगाराची यंत्रणा मिळाली नाही.

१९७५ : वेगळ्या चुलीची सुरुवात

भारतीय महिला फुटबॉलची संघटित सुरुवात आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजऱ्या झालेल्या १९७५ मध्ये झाली. त्या वर्षी ‘भारतीय महिला फुटबॉल महासंघ’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि उत्तर प्रदेशात पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा घेण्यात आली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची यंत्रणा तेव्हा पुरुषांच्या फुटबॉलपुरती मर्यादित होती. महिलांना आपली चूल वेगळी मांडावी लागली.

हे चित्र केवळ भारतातले नव्हते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये महिलांच्या सामन्यांना आपल्या संलग्न क्लबांची मैदाने नाकारली होती. ही बंदी उठायला निम्मे शतक लागले. आशियातही महिलांसाठी ‘आशियाई महिला फुटबॉल परिसंघ’ ही वेगळी संघटना १९६८ मध्ये उभी राहिली आणि तिने १९७५ पासून आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरवली. आशियाई फुटबॉल परिसंघात तिचे विलीनीकरण १९८६ मध्ये झाले. शांती मल्लिक यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा बहर हा या विलीनीकरणाच्या आधीचा आहे.

बंगालच्या मुलींना लाभलेली एक मोठी जमेची बाजू म्हणजे सुशील भट्टाचार्य यांचे मार्गदर्शन. ईस्ट बंगाल क्लबचे पहिले प्रशिक्षक असलेल्या भट्टाचार्य यांनी पुढे महिला खेळाडूंना घडवण्याचे काम हाती घेतले आणि ते भारतीय महिला संघाचेही पहिले प्रशिक्षक झाले. पुरुषांच्या मोठ्या क्लबला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने मुलींच्या सरावाला तेवढेच महत्त्व देणे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. शांती मल्लिक आणि पुढे भारताचे नेतृत्व केलेल्या बचावपटू कुंतला घोष दस्तिदार या त्यांच्याच शिष्या. देशाच्या इतर भागांतूनही खेळाडू येत होत्या. गोव्याच्या योलांडा डिसोझा या त्याच काळात भारताकडून खेळल्या. पुढे त्या चित्रकार म्हणूनही नावारूपाला आल्या.

कालिकत, हाँगकाँग, बँकॉक

स्थापनेनंतर अवघ्या पाच वर्षांत भारतीय महिला आशियाच्या अंतिम सामन्यात पोहोचल्या. १९८० च्या जानेवारीत केरळमधील कालिकत येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत यजमान भारताने दोन संघ उतरवले होते. त्यांपैकी एका संघाने अंतिम फेरी गाठली. तेथे चिनी तैपेईने २-० असा विजय मिळवला. १९८१ मध्ये हाँगकाँगला झालेल्या स्पर्धेत भारताने यजमानांना २-० असे नमवून तिसरे स्थान मिळवले. १९८३ मध्ये बँकॉक येथे भारत पुन्हा अंतिम सामन्यात खेळला आणि थायलंडकडून ०-३ असा पराभूत होऊन उपविजेता ठरला. चार वर्षांत तीन स्पर्धा आणि तिन्ही वेळा पहिल्या तीन संघांत स्थान, अशी ही कामगिरी होती.

यशाच्या या पर्वात शांती मल्लिक भारताच्या आघाडीच्या फळीतील प्रमुख नाव होते. त्यांनी संघाचे नेतृत्वही केले. १९८३ चा अर्जुन पुरस्कार ही या कामगिरीला मिळालेली शासकीय पावती होती. निवृत्तीनंतर त्या प्रशिक्षणाकडे वळल्या.

या कामगिरीचे मोल ठरवताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, चीनचा महिला संघ या स्पर्धेत प्रथम १९८६ मध्ये उतरला आणि तेव्हापासून १९९९ पर्यंतच्या सातही स्पर्धा त्याने जिंकल्या. त्यामुळे १९८० ते १९८३ मधील आशिया आणि नंतरचा आशिया यांत फरक आहे. दुसरी गोष्ट भारतीय खेळाडूंच्या बाजूची आहे. त्या पिढीसमोर आशियाच्या पुढे जाण्याची वाटच अस्तित्वात नव्हती. महिलांचा पहिला विश्वचषक चीनमध्ये १९९१ मध्ये, १२ संघांमध्ये खेळला गेला; त्यातील सामनेही ९० ऐवजी ८० मिनिटांचे होते. ऑलिम्पिकमध्ये महिला फुटबॉलचा समावेश १९९६ मध्ये झाला. आशियात दुसऱ्या क्रमांकावर असलेला संघ आज विश्वचषकात थेट दिसतो. १९८३ च्या उपविजेत्यांसाठी तसा विश्वचषकच नव्हता.

आघाडीपटू कशी घडते?

बचावपटूची कामगिरी संघाच्या शिस्तीत मिसळून जाते; आघाडीपटूच्या कामाची मोजदाद मात्र गोलांच्या आकड्यात होते. या आकड्यामागे वेग, दिशा आणि नेमकेपणा असतोच. त्याखेरीज प्रतिस्पर्धी बचावपटूची पुढची हालचाल क्षणभर आधी ओळखण्याची जी सवय लागते, ती सरावापेक्षा खऱ्या सामन्यांत अंगवळणी पडते. वर्षभर दर आठवड्याला तोडीच्या संघाशी खेळणारी आघाडीपटू शेकडो वेळा गोलसमोरच्या प्रसंगाला सामोरी जाते आणि आपल्या चुका पुढच्या आठवड्यात सुधारते. वर्षातून एक राष्ट्रीय स्पर्धा आणि दोन-तीन वर्षांनी एक परदेश दौरा, एवढ्यावर अवलंबून असलेल्या खेळाडूला ही संधी मिळत नाही.

म्हणून आघाडीपटूच्या कारकिर्दीला चार आधार लागतात : नियमित लीग, वेळापत्रकानुसार होणारे आंतरराष्ट्रीय सामने, उपजीविकेची शाश्वती आणि सामन्यांची अधिकृत नोंद. शांती मल्लिक यांच्या पिढीला यांपैकी एकही आधार पुरेसा लाभला नाही. राष्ट्रीय आणि आशियाई अशा दोन्ही स्तरांवरील महिला संघटना मुख्य महासंघांच्या बाहेर असल्याने, पुरुष संघाला मिळणारा निधी, प्रवासखर्च, प्रशिक्षण शिबिरे आणि नोंदवही यांची सोय त्यांना आपसूक मिळणे शक्य नव्हते. आज क्रमवारीच्या आणि गोलांच्या तक्त्यांत नव्या पिढीची नावे ठळक दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे. फिफाची महिला संघांची जागतिक क्रमवारीच २००३ मध्ये सुरू झाली.

बारा वर्षांची अनुपस्थिती

१९८३ च्या बँकॉकनंतर भारतीय संघ आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पुन्हा दिसला तो थेट १९९५ मध्ये. मधल्या काळात १९८६, १९८९, १९९१ आणि १९९३ अशा चार स्पर्धा भारताविना पार पडल्या. नेमक्या याच काळात चीन, जपान आणि उत्तर कोरिया यांनी महिला फुटबॉलमध्ये जाणीवपूर्वक गुंतवणूक केली आणि १९९१ मध्ये विश्वचषकाचे दार उघडले. भारतात महिला फुटबॉलची सूत्रे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली, तोवर एक संपूर्ण पिढी खेळून निवृत्तही झाली होती.

या अनुपस्थितीची किंमत पुन्हा बँकॉकमध्येच मोजावी लागली. १९९८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चीनने भारताला १६-० असे पराभूत केले. ज्या शहरात पंधरा वर्षांपूर्वी भारतीय महिला आशियाच्या विजेतेपदासाठी खेळल्या होत्या, त्याच शहरातील हा निकाल होता. त्यात मैदानावर उतरलेल्या अकरा जणींचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल. बारा वर्षांत न खेळलेले सामने एका शिबिरात भरून निघत नाहीत.

दरम्यान देशातील महिला फुटबॉलचे केंद्रही सरकले होते. सुरुवातीची वर्षे गाजवणाऱ्या बंगालची जागा मणिपूरने घेतली आणि वीसहून अधिक वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पोलीस आणि अन्य सरकारी खात्यांतील नोकऱ्यांनी तेथील खेळाडूंना संसार आणि खेळ एकत्र चालवण्याची मुभा दिली. बेंबेम देवी यांनी १५ व्या वर्षी, १९९५ मध्ये, भारतासाठी पदार्पण केले आणि दोन दशके मधली फळी सांभाळली. तरीही खंड पूर्णपणे संपला नव्हता. दीर्घकाळ सामने न खेळल्यामुळे २००९ मध्ये भारताचे नाव फिफाच्या क्रमवारीतून वगळले गेले.

बाला देवी ते संगीता बासफोर

मणिपूर पोलीस दलातील बाला देवी या आघाडीपटूची कारकीर्द या दोन काळांना जोडणारी आहे. २००५ मध्ये त्यांनी भारताकडून खेळायला सुरुवात केली. त्या १९ वर्षांच्या असताना भारत क्रमवारीतून बाहेर गेला. २०१० मध्ये सुरू झालेल्या दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेने संघाला नियमित व्यासपीठ दिले आणि भारताने पहिल्या पाचही स्पर्धा जिंकल्या. २०१४ च्या स्पर्धेत बाला देवी यांनी १६ गोल नोंदवले. जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने त्यांना करारबद्ध केले, तेव्हा त्यांचे वय ३० च्या उंबरठ्यावर होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मदरवेलविरुद्ध त्यांनी क्लबसाठी पहिला गोल केला. भारतासाठी ५० हून अधिक गोल करणाऱ्या या खेळाडूला व्यावसायिक लीगचे दार उघडायला कारकिर्दीची पंधरा वर्षे गेली होती.

पुढच्या पिढीला तेवढे थांबावे लागले नाही. पंजाबच्या होशियारपूरची मनीषा कल्याण हिने नोव्हेंबर २०२१ मध्ये बलाढ्य ब्राझीलविरुद्ध गोल नोंदवला आणि पुढच्याच वर्षी सायप्रसच्या अपोलोन संघाकडून ती युरोपातील चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत खेळली.

महाराष्ट्रानेही या प्रवासातील एक हळहळ लावणारा प्रसंग पाहिला आहे. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाला. यजमान भारताने नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. त्यानंतर करोनाच्या लागणीमुळे चिनी तैपेईविरुद्ध संघ उतरवणेच अशक्य झाले आणि भारताला स्पर्धेबाहेर व्हावे लागले.

त्याची भरपाई तीन वर्षांनी थायलंडमध्ये झाली. २०२५ मध्ये चियांग माई येथील पात्रता फेरीत भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असे हरवले. ओडिशाची आघाडीपटू प्यारी शाशा हिने मंगोलियाविरुद्ध एकटीने पाच गोल केले. ५ जुलै रोजी निर्णायक सामन्यात यजमान थायलंडवर २-१ अशी मात करून भारताने २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील आशियाई चषकात स्थान मिळवले. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत पोहोचण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ होती.

त्या सामन्यातील दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे होते. मधल्या फळीत खेळणारी संगीता कोलकात्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरील कल्याणीची. १९८३ मध्ये ज्या थायलंडने भारताला आशियाच्या विजेतेपदापासून रोखले होते, त्याच देशात, त्याच देशाच्या संघाविरुद्ध बंगालच्या मुलीने ४२ वर्षांनी हे दोन गोल केले. ऑस्ट्रेलियातील स्पर्धेसाठी भारताच्या गटात जपान आणि व्हिएतनामसोबत चिनी तैपेईचे, म्हणजे १९८० च्या अंतिम फेरीतील प्रतिस्पर्ध्याचे, नाव आले. आणि ही स्पर्धा २०२७ च्या ब्राझीलमधील विश्वचषकाची पात्रता स्पर्धाही असल्याने, शांती मल्लिक यांच्या पिढीला नसलेली पुढची पायरी या पिढीसमोर आली.

तंबूत आलेला चषक

कोलकात्याच्या मैदानावरही बदल झाला आहे. देशांतर्गत ‘इंडियन विमेन्स लीग’ २०१६-१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती काही आठवड्यांत उरकणारी स्पर्धा होती. २०२३-२४ पासून ती घरच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आळीपाळीने खेळली जाऊ लागली. २०२४-२५ च्या हंगामात आठ संघांनी प्रत्येकी १४ सामने खेळले आणि ईस्ट बंगालने विजेतेपद पटकावले. कोलकात्याच्या एखाद्या क्लबने ही लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. विजेतेपदावर शिक्कामोर्तब करणारा सामना कल्याणीत झाला आणि संगीता या विजेत्या संघाची सदस्य होती. पुढे या संघाने आशियाई महिला चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीतही स्थान मिळवले. सुशील भट्टाचार्य ज्या क्लबचे पहिले प्रशिक्षक होते, त्याच क्लबच्या तंबूत आता महिलांचा राष्ट्रीय चषकही आला आहे.

तरीही तुलना करताना भान ठेवावे लागते. वर्षाला १४ सामने ही सुरुवात आहे. युरोपातील प्रमुख लीगमधील आघाडीपटू एका हंगामात त्याहून बरेच अधिक खेळते. उरलेल्या महिन्यांत भारतीय खेळाडूला राज्यस्तरीय स्पर्धा, सरकारी नोकरी आणि राष्ट्रीय शिबिर यांवर भिस्त ठेवावी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. तो पाहून ज्या मुलींनी बूट चढवले असतील, त्यांना वर्षभर सामने देणारी लीग जिल्ह्यात मिळते का, यावर त्यांचे भवितव्य ठरेल.

शांती मल्लिक यांच्या वाट्याला आलेली आशियाई उपविजेतेपदाची कामगिरी भारतीय महिला संघाला त्यानंतर साधता आलेली नाही. एका आघाडीपटूने मिळवलेली उंची पुढच्या पिढीपर्यंत पोहोचण्यासाठी मधल्या वर्षांत सामने होत राहावे लागतात. १९८३ नंतर ते थांबले, आणि दोन अर्जुन पुरस्कारांमधील ३४ वर्षांच्या खंडाचे मूळ तिथेच आहे.